वीज कडाडली की फोनचा स्विच का मरतो?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलच्या गर्दीत काही ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आकडे भरभर निघून जातात. इथे ते सावकाश बघता येतील.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नातून आलाय. तो इंटरकॉम आणि छोटी ईपीएबीएक्स यंत्रं दुरुस्त करतो. त्यानं लिहिलंय: "ताई, एका छोट्या हॉस्पिटलमध्ये जुनं रिलेवालं कार्ड पंधरा वर्षं चाललं. ते काढून नवीन, रिले नसलेलं कार्ड बसवलं. पहिल्याच वळवाच्या पावसात दोन लाइन्स गेल्या. त्यातली एक रात्रपाळीच्या सिस्टरांच्या टेबलावरची होती. आत बसवलेल्या स्विचच्या डेटाशीटवर तर चक्क ३७५० व्होल्ट लिहिलंय. मग गेला कसा?"

प्रश्न एकदम रास्त आहे. आणि त्याचं उत्तर "भारी कार्ड घ्या" असं नाहीये. मी स्वतः काही वर्षं लाइन कार्डांच्या टेस्टिंगवर काम केलंय, त्यामुळे आज जरा सविस्तर सांगते.

आधी तार समजून घेऊ

तुमच्या हातातल्या मोबाइलला तार नाही. घरात आता बऱ्याच ठिकाणी फायबर आलंय, आणि फायबर म्हणजे काच, त्यातून सर्ज येत नाही. पण सोसायटीचा इंटरकॉम, लिफ्टमधला फोन, कारखान्याचं गेट, हॉस्पिटलचे वॉर्ड, इथे अजून तांब्याच्या दोन तारा आहेत. जुने ब्रॉडबँड कनेक्शनही त्याच दोन तारांवर.

या दोन तारांवर एक्स्चेंजकडून किंवा ईपीएबीएक्सकडून सतत डीसी व्होल्टेज येत असतं. सार्वजनिक लाइनवर ते ४८ व्होल्ट. रिसीव्हर उचलला की सर्किट पूर्ण होतं आणि साधारण २० ते ५० मिलिअँपिअर करंट वाहतो. एवढ्यावरूनच एक्स्चेंजला कळतं की कुणीतरी फोन उचललाय. घंटी वाजवायची असेल तर याच तारांवर वरून आणखी एसी व्होल्टेज सोडतात. आपल्याकडे ते साधारण ७५ व्होल्ट, २५ हर्ट्झ.

म्हणजे कुणीतरी सतत जोडतोय आणि तोडतोय. घंटी लाव, घंटी काढ, लाइन घे, लाइन सोड. हे काम करणारा तो स्विच.

पूर्वी हे काम रिले करायचा. छोटं विद्युतचुंबक, एक पट्टी, आणि "टक्" असा आवाज. नवीन कार्डात त्याच्या जागी सॉलिड-स्टेट स्विच असतो. त्यात हलणारं काहीच नाही. आत एक बारीकसा एलईडी पेटतो, त्याचा उजेड समोरच्या प्रकाशघटांवर पडतो, त्यातून थोडं व्होल्टेज तयार होतं, आणि त्यावर पाठीला पाठ लावून बसवलेले दोन मॉसफेट चालू होतात. आवाज नाही, झीज नाही, जागा कमी, वीजही कमी. लाखो वेळा चालू-बंद केला तरी कुरकुर नाही.

मग अडचण कुठे आहे?

रिले माफ करतो, सिलिकॉन नाही

रिले उघडा असतो तेव्हा दोन पट्ट्यांमध्ये हवा असते. अचानक हजार-दीड हजार व्होल्ट आले तर त्या फटीत ठिणगी उडते. पट्टीवर थोडा काळा डाग पडतो. पण ठिणगी विझली की तिथे पुन्हा नवी हवा येते आणि रिले पुन्हा पहिल्यासारखा. हवेला जखम राहत नाही.

सिलिकॉनला राहते. मॉसफेट बंद असताना तो एका ठरावीक व्होल्टेजपर्यंतच अडवू शकतो. टेलिफोनच्या कामात ३५० व्होल्टवाले स्विच खूप चालतात. त्याच्यावर गेलं की आतला अतिशय पातळ थर फुटतो, एका टिंबात उष्णता साठते आणि तिथे कायमचं भोक पडतं. तो तुकडा मग एकतर कायमचा जोडलेला राहतो, नाहीतर कायमचा तुटलेला.

आणि ते ३७५० व्होल्ट? इथे खूप जण फसतात. तो आकडा एलईडीची बाजू आणि मॉसफेटची बाजू यांच्यामधल्या भिंतीचा आहे. म्हणजे लाइनवरचं व्होल्टेज उडी मारून कंट्रोल सर्किटमध्ये येणार नाही, याची ती हमी. स्विचच्या दोन टोकांमध्ये बंद असताना किती चालेल, तो आकडा वेगळा, डेटाशीटमध्ये वेगळ्या ओळीत असतो, आणि तो ३५० असतो. दोन खोल्यांमधली भिंत दणकट असली म्हणून दाराची कडी दणकट होत नाही ना, तसंच.

स्विच चालू असतानाही धोका आहेच, फक्त वेगळा. तेव्हा प्रश्न व्होल्टेजचा नसतो, करंटचा असतो. असा छोटा स्विच १२० मिलिअँपिअरच्या आसपास सोसतो. सर्ज आला की दहा-वीस-तीस अँपिअर येतात. कितीपट झालं, हिशोब करा.

वीज दोन प्रकारची

आपल्या मराठीत गंमत आहे. आकाशातून पडते तीही वीज आणि मीटरमधून येते तीही वीज. टेलिफोनच्या तारेला दोन्हींची भीती, पण दोघींचा स्वभाव अगदी वेगळा.

आकाशातली वीज थेट तारेवर पडली तर विसरा. हजारो अँपिअरपुढे बोटाएवढा पार्ट काय करणार? पण थेट पडणं तसं क्वचित. जास्त वेळा ती जवळपास कुठेतरी पडते, आणि तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे लांबच लांब तारेत आपोआप व्होल्टेज तयार होतं. हे काही नवीन ज्ञान नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८४६ मध्येच तारयंत्राच्या तारांवर विजेचा कसा परिणाम होतो ते मांडलं होतं. म्हणजे टेलिफोन जन्मायच्या आधीच तारेला विजेची ओळख होती. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज आलं ते १८८२ मध्ये.

असा सर्ज प्रयोगशाळेत नकली तयार करून यंत्रं तपासतात. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशी आहेत, के.२० आणि के.२१ अशा नावांच्या. त्यातला एक नेहमीचा नमुना १० मायक्रोसेकंदात शिखरावर चढतो आणि ७०० मायक्रोसेकंदात निम्म्यावर येतो. १५०० व्होल्टचा असा धक्का शॉर्ट केला तर साधारण ३७ अँपिअर वाहतात. सगळा खेळ डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो.

दुसरी वीज खांबावरची. वादळात फांदी पडली, खांबावरची वीजवाहक तार टेलिफोनच्या तारेला चिकटली. इथे व्होल्टेज कमी, २३० च, पण ते जात नाही. सेकंद, मिनिटं, कुणी येऊन काढेपर्यंत. आयटीयूच्या चाचणीत २३० व्होल्ट सलग १५ मिनिटं लावून बघतात, ते याचसाठी.

एक आहे झटका देऊन पळणारी, दुसरी ठाण मांडून बसणारी. दोघींना एकच पहारेकरी पुरत नाही.

१६२ आणि ३५० च्या मध्ये

आता या भागातली मुख्य गोष्ट. हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना मी इथे थांबायला सांगितलं होतं, तुम्हीही एक मिनिट थांबा.

लाइनवर नेहमीचं, कायदेशीर व्होल्टेज जास्तीत जास्त किती असतं? घंटीचे ७५ व्होल्ट हा सरासरी धरलेला आकडा. त्याचं शिखर १.४१४ पट, म्हणजे १०६. बॅटरी ४८ ची, पण चार्जिंग चालू असताना ५६ पर्यंत जाते. बेरीज १६२. म्हणजे १६२ पर्यंत पहारेकऱ्यानं गप्प बसलं पाहिजे. नाहीतर घंटी वाजली की तोच लाइन शॉर्ट करणार.

आणि ३५० ला स्विच मरतो.

म्हणजे आपल्याला असा पार्ट हवा जो १६२ ला झोपलेला असेल आणि ३५० च्या बऱ्याच आधी पूर्ण जागा झालेला असेल. सॉलिड-स्टेट स्विचचं सगळं संरक्षण या चौकटीत बसवायचं असतं. रिले होता तेव्हा वरची हद्द हजाराच्या पुढे होती, म्हणून कुणी फार मोजत नव्हतं. जुन्या एक्स्चेंजात तर कार्बनचे दोन ठोकळे आणि मधे केसाएवढी फट, एवढ्यावर निभावायचं. सिलिकॉन आलं आणि चौकट अरुंद झाली. आपल्या श्रोत्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे: कार्ड बदललं, पण भिंतीवरचं संरक्षण जुन्याच हिशोबाचं राहिलं.

तीन पहारेकरी

पहिला, गॅस ट्यूब. लाइनमन मंडळी तिला जीडीटी म्हणतात. जिथे बाहेरची केबल इमारतीत येते त्या डब्यात, मोठ्या ठिकाणी एमडीएफवर, ही बसवतात. चण्याएवढी नळी, आत विशिष्ट वायू. व्होल्टेज वाढलं की आत ठिणगी पेटते आणि सगळा करंट अर्थमध्ये जातो. हजारो अँपिअर गिळते. पण जरा जड अंगाची आहे. पाटीवर २३० व्होल्ट लिहिलेली ट्यूब, सर्ज झपाट्यानं चढला तर पेटेपर्यंत ६००-७०० व्होल्ट होऊन जातात. तोपर्यंत ३५० वाला स्विच गेलेला असतो.

ट्यूब घेताना तीन पायांची घ्या. दोन तारांना दोन सुट्या ट्यूब लावल्या तर एक आधी पेटते, दुसरी नंतर. त्या मधल्या क्षणात एक तार अर्थला आणि दुसरी सहाशे व्होल्टवर, आणि हा सगळा फरक बसतो स्विचवर. तीन पायांच्या ट्यूबमध्ये दोन्ही तारा एकाच वायूत असतात, म्हणून जवळजवळ एकदमच पेटतात.

दुसरा, थायरिस्टर जातीचा सर्ज प्रोटेक्टर. हा कार्डावरच, स्विचच्या आधी, लाइनच्या बाजूला बसतो. टेलिफोनसाठी मिळणारा एक नेहमीचा नग १९० व्होल्टपर्यंत गप्प असतो आणि २६० च्या आत नक्की कोसळतो. म्हणजे आपल्या चौकटीत अगदी बरोबर. वेग इतका की गॅस ट्यूबला मायक्रोसेकंद लागतात तिथे याला नॅनोसेकंद. कोसळला की स्वतःवर फक्त काही व्होल्ट ठेवतो. त्यामुळे स्विच चालू असो की बंद, करंट त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आधीच वळतो.

इथे कुणी विचारेल, बाजारात स्वस्त निळी गोळी मिळते, एमओव्ही, ती का नाही? ती व्होल्टेज धरून ठेवते, पाडत नाही. २०० व्होल्ट धरून ५० अँपिअर सोडले म्हणजे १०,००० वॉट तिच्या अंगात. थायरिस्टरवर ३-४ व्होल्ट, म्हणजे तेवढ्याच करंटला दीडशे-दोनशे वॉट. शिवाय एमओव्ही प्रत्येक धक्क्याला थोडी थोडी म्हातारी होते, आणि ब्रॉडबँडच्या लाइनवर तिची कपॅसिटन्स सिग्नल खाते. पॉवर सप्लायला ती छान आहे, फोनच्या लाइनवर थायरिस्टर बरा.

थायरिस्टरची एकच अट. सर्ज गेल्यावर त्यानं सुटलं पाहिजे. ५० मिलिअँपिअरच्या लाइन करंटवर तो अडकून बसला तर फोन कायमचा बंद. म्हणून त्याचा होल्डिंग करंट लाइन करंटपेक्षा बराच जास्त, १५० मिलिअँपिअरच्या आसपास बघून घ्यायचा.

तिसरा, पीटीसी. म्हणजे स्वतःच पूर्ववत होणारा फ्यूज समजा. हा तारेच्या मार्गात बसतो. खांबावरची वीज चिकटली की थायरिस्टर कोसळतो, करंट वाहत राहतो, पीटीसी तापतो आणि त्याचा रोध इतका वाढतो की करंट नावापुरता उरतो. तार सोडवली, तो गार झाला, लाइन परत चालू.

मधले दहा ओहम

आता एक मजेशीर अडचण. चपळ पहारेकरी आधी जागा होतो आणि लाइन ३-४ व्होल्टवर आणतो. मग मोठ्या पहारेकऱ्याला कळणार कसं की चोर आलाय? त्याला तर ६०० व्होल्ट दिसल्याशिवाय जाग येत नाही. म्हणजे सगळा सर्ज बारीक थायरिस्टरच्या डोक्यावर. मोठी वीज आली की तो जळतो.

उपाय साधा आहे. दोघांच्या मधे प्रत्येक तारेत एक छोटा रोध, समजा १० ओहम. बहुतेकदा हे काम तोच पीटीसी करतो. आता हिशोब बघा. १५०० व्होल्टचा मघाचा धक्का आला, सर्किटचा रोध ४० आणि आपले १० मिळून ५० ओहम, करंट ३० अँपिअर. दहा ओहमवर ३०० व्होल्ट. गॅस ट्यूब झोपलेलीच, पण थायरिस्टरला ३० अँपिअर झेपतात. आता ४००० व्होल्टचा आला. करंट ८० अँपिअरकडे निघाला. ६० ला पोहोचला की दहा ओहमवर ६०० व्होल्ट झाले, ट्यूब पेटली, आणि बाकीचं ओझं तिनं घेतलं. छोटं भांडण छोट्यानं मिटवायचं, मोठं झालं की मोठ्याला हाक मारायची, आणि ही हाक मारतो तो रोध. म्हणून थायरिस्टर १०० अँपिअर झेपणारा निवडायचा.

हा रोध नसेल तर महागातले दोन्ही पार्ट असूनही उपयोग नाही.

सगळं जातं कुठे? अर्थिंगला

आणि इथेच आपल्याकडे सगळ्यात जास्त घात होतो.

सरळ तारेलासुद्धा इंडक्टन्स असतो, मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री. करंट एका मायक्रोसेकंदात १०० अँपिअरनं चढत असेल तर दर मीटरला १०० व्होल्ट पडतात. गॅस ट्यूबपासून अर्थच्या पट्टीपर्यंत वेटोळं घातलेली तीन मीटर तार असेल तर ३०० व्होल्ट त्या तारेवरच. तार कितीही जाड घ्या, या बाबतीत फार फरक पडत नाही. लांबी कमी करा, सरळ न्या.

त्याहून वाईट म्हणजे दोन वेगळी अर्थिंग. फोनच्या डब्याची सळई बागेत एकीकडे, आणि ईपीएबीएक्सची अर्थ तिसऱ्या मजल्यावरच्या प्लगमधून. वीज जवळ पडली की या दोन ठिकाणच्या जमिनीत फरक पडतो, शेकडो-हजारो व्होल्टचा. गॅस ट्यूब इमानदारीत पेटते, तारेला बागेतल्या अर्थशी जोडते, आणि तोच फरक कार्डाच्या आत जाऊन बसतो. संरक्षण चालू असतानाच कार्ड मरतं! दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी, आखूड आणि जाड पट्टीनं जोडलेली हवीत. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, स्वतः करू नका.

लाइन कार्डची सात कामं लक्षात ठेवायला इंजिनिअर लोक एक शब्द वापरतात, बॉर्श्ट. तिकडे युरोपात या नावाचं बीटाचं सूप असतं. सात कामांची सात इंग्रजी आद्याक्षरं जुळवून तो शब्द बनलाय. त्यात बॅटरीनंतर लगेच दुसरं काम अतिव्होल्टेजपासून संरक्षणाचं, घंटीच्याही आधी. क्रम शब्द जमवण्यासाठी असला तरी मला तो पटतो. आपल्या सी-डॉटची स्थापना १९८४ मध्ये झाली, आणि तिचं गावासाठी बनवलेलं छोटं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. एसी नसलेल्या खोलीत चालणारं एक्स्चेंज गावोगावी न्यायचं म्हणजे लाइन कार्ड उघड्यावरच्या तारांना तोंड देणारच. घंटी नंतर, आधी जगणं.

तर, आपल्या श्रोत्याला

या क्रमानं बघ. एक, बाहेरून येणाऱ्या प्रत्येक जोडीवर तीन पायांची गॅस ट्यूब आहे का? इमारतीबाहेरून, गच्चीवरून, दुसऱ्या इमारतीकडून जाणारी इंटरकॉमची लाइनही "बाहेरची"च समज. दोन, कार्डावर स्विचच्या आधी थायरिस्टर आहे का, आणि त्याचा वरचा आकडा स्विचच्या आकड्याच्या खाली आहे का? तीन, दोघांच्या मधे रोध किंवा पीटीसी आहे का, की कुणी "लाइन वीक येते" म्हणून तार टाकून तो शॉर्ट केलाय? चार, अर्थ एक आहे की दोन? पाच, जुनी ट्यूब किती धक्के खाऊन बसलीय? तीही कायम टिकत नाही, बदलावी लागते.

आणि हॉस्पिटलवाल्यांना एक सांग. सिस्टरांच्या टेबलावर एकाच लाइनवर भिस्त नको. शेजारी एक मोबाइल कायम चार्ज करून ठेवा. संरक्षण धोका कमी करतं, शून्य करत नाही.

आणि बाकी सगळ्यांना

कार्ड बदलता येतं. माणूस येत नाही. ज्या तारेवरून सर्ज कार्डापर्यंत जातो, त्याच तारेच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी कानाला लावलेला रिसीव्हर असतो. म्हणून गडगडाट चालू असताना तारेचा फोन कानाला लावू नका. आजी-आजोबांना ही सवय असते, त्यांना समजावून सांगा. घरात असाल तर मोबाइलवर बोलायला हरकत नाही, फक्त तो चार्जरला लावलेला नको. मॉडेमची फोनची पिन काढायची तर ढग भरून येतानाच काढा, कडकडाट सुरू झाल्यावर तिथे हात घालू नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास थांबा.

पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं बनवलेलं दामिनी नावाचं अ‍ॅप आहे, ते आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. वळवाचे दिवस आले की फोनमध्ये टाकून ठेवा, शेतावर जाणाऱ्या घरच्यांच्या फोनमध्येही.

पुढच्या भागात गॅस ट्यूब मल्टिमीटरवर "ठीक" दिसते तरी ती मेलेली कशी असू शकते, ते बघू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि एकदा आपल्या सोसायटीच्या फोनच्या डब्याची अर्थची तार कुठे जाते, ते नुसतं लांबून बघून या. भेटू!